पीपी नंबरवर आलेलं बेट

“हिनं समुद्र बघितलाय का पन?”

खताच्या गोण्यांवर बसलेल्या एका शेतकऱ्यानं शेजारच्याला हे हळूच विचारलं. शेतात बोलायची सवय असलेल्या माणसाचं हळू, त्यामुळे ते सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. मी फोनजवळच्या स्टुलावर बसले होते. ऐकूनही न ऐकल्यासारखं करणं मला तेव्हा फार छान जमायचं.

“न्हाई बघितला, म्हनून तर चाललीय,” शेजारचा म्हणाला.

समुद्र मी खरंच बघितला नव्हता. आणि त्या दिवशी अकरा वाजता, शेवगावातल्या बी-बियाण्यांच्या एका दुकानात, समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटांबद्दल माझी मुलाखत होणार होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशातल्या एका विद्यापीठानं पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती जाहीर केली होती. समुद्राची पातळी वाढत गेली तर छोट्या बेटांच्या देशांनी आपलं पिण्याचं पाणी कसं टिकवायचं, हा संशोधनाचा विषय. फी, विमानाचं तिकीट, राहणं, खाणं, सगळं त्यांच्याकडून. जागा मात्र एकच. जाहिरात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुठूनशी कापून आणली होती. ते मराठी शाळेत शिक्षक. सगळं त्यांच्याकडून नसतं तर आम्ही ती जाहिरात वाचून घडी करून ठेवली असती.

अर्जात फोन नंबरचा रकाना होता. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून सगळे लिहायचे तसा मी शेजारच्या दुकानाचा नंबर लिहिला आणि पुढे ‘पीपी’ लिहिलं. फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा, हे त्या दोन अक्षरांत आपल्याकडे कुणालाही कळायचं. तिकडे ते कळलं नसावं. त्यांचं पत्र आलं, की मंगळवारी आपल्या पीपी विभागाच्या क्रमांकावर मुलाखतीसाठी फोन करू.

अण्णांनी हे दुकानदार काकांना वाचून दाखवलं. आपण एक विभाग आहोत हे समजल्यावर काकांनी मंगळवारसाठी गल्ल्यावरचा पसारा आवरला, फोन पुसला, डायलला लावलेलं छोटं कुलूपही काढून ठेवलं. येणाऱ्या फोनला त्या कुलपाची काहीच अडचण नव्हती, पण त्यांना ते बरं दिसेना. मग त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दारात टांगलं: ‘आज ११ ते १२ फोन बंद. मुलीची परीक्षा आहे.’

दिवस पेरणीच्या आधीचे. कपाशीचं, बाजरीचं बियाणं न्यायला माणसं येत होती. पुठ्ठा वाचून ती बियाणं घेत आणि परीक्षेला थांबत.

माझी खरी अडचण वेगळी होती. मला बोलता येत नव्हतं. केडगावला आत्याकडे राहून मी नगरच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करत आणि इंग्रजी बोललं की मुली हसत. या दोन्हींतून सुटायचा मार्ग मी पहिलीतच शोधला होता, तो म्हणजे गप्प बसणं. इंग्रजी मला उत्तम यायचं, फक्त तोंडातून बाहेर यायचं नाही. फोनवर तर मी आयुष्यात तीनदा बोलले होते, त्यांतल्या दोन वेळा ‘राँग नंबर’ एवढंच.

एम.एस्सी.ला माझा विषय होता बेलापूरच्या बाजूच्या विहिरींचं पाणी. वर्षानुवर्षं उसाला पाटाचं पाणी देत गेलं की जमिनीतला खार वर येतो, रानं पांढरी पडतात आणि विहिरी बिघडतात. मी सरबताच्या धुतलेल्या बाटल्या घेऊन विहिरींवरून फिरायचे. तिथल्या बायका मला हसायच्या. बाटल्या कशाला भरतीस, डाळ लावून बघ, शिजली न्हाई की समज पानी बिघडलं, असं प्रत्येक वस्तीवर कुणीतरी सांगायचंच. खारानं पाणी जड झालं की डाळ दाण्याची दाणाच राहते. कोणत्या विहिरीची डाळ कोणत्या वर्षापासून शिजेना, हे त्यांना पाठ होतं. पाण्यातला खार मोजणाऱ्या माझ्या मीटरचे आकडे आणि त्यांच्या डाळी बहुतेक ठिकाणी जुळल्या. मी प्रबंधात त्यावर एक परिच्छेद लिहिला. मार्गदर्शकांनी त्यावर लाल शाईनं आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, की हा प्रबंध आहे, पाककृती नव्हे. तेव्हापासून डाळीचं नाव मी कुणाजवळ काढलं नव्हतं.

सव्वाअकराला फोन वाजला. काकांनी सवयीनं उचलला आणि सवयीनंच सांगितलं, “बियाणं संपलं, सोमवारी या.” पलीकडून काहीतरी ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, जसा काही तो काठोकाठ भरलेला होता.

पलीकडे एक प्राध्यापक होते. त्यांचा आवाज लांबून यायचा आणि माझं प्रत्येक वाक्य क्षणभरानं माझ्याच कानात परत यायचं. माझं इंग्रजी मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते ऐकून मी आणखी गप्प झाले.

“नुसतं येस सर, येस सर करतीय,” गोणीवरून आवाज आला.

“मग काय नो सर म्हनंल? देनारा मानूस हाय त्यो.”

अण्णा माझ्या खांद्याशी कान लावून उभे होते. त्यांनी दुकानासाठी भाषांतर सुरू केलं. मी हातानं नको नको केलं. वर्गातल्या मागच्या बाकालाही समजलं पाहिजे, अशी त्यांची आयुष्यभराची शिस्त. प्रबंधाचं विचारतायत. पदवीचं विचारतायत. आता समुद्र किती लांब आहे ते विचारतायत.

“लई लांब,” दुकानानं परस्पर सांगितलं.

मग प्राध्यापकांनी फोन एका बाईंना दिला. त्या स्वतः त्या बेटांवरच्याच होत्या. त्यांनी कौतुक, ओळख काहीच केलं नाही, एकच प्रश्न विचारला. आमच्या बेटावर बोट कधी महिन्यानं येते, कधी दोन महिन्यांनी. तुझं मीटर पहिल्याच आठवड्यात बंद पडलं, तर कोणत्या विहिरीत खारं पाणी शिरलंय हे तू कशावरून ओळखशील?

पुस्तकातली सगळी उत्तरं मीटरपाशी सुरू व्हायची. तारेतून खरखर येत होती. ती एकमेव जागा माझ्या हातून जातेय, हे मला अगदी स्पष्ट कळत होतं आणि तरी तोंड उघडेना.

“मीटर बंद पडलं तर काय करशील, म्हणतायत,” अण्णांनी सांगितलं. त्यांचाही आवाज आता बारीक झाला होता.

दुकान कामाला लागलं. सेल बदलायचे, एक म्हणाला. दुसऱ्यानं आपल्या रेडिओचे सेल देऊ केले. तिसऱ्याचं म्हणणं, मीटर काही बंद पडत नाही, वायर बघा. तेवढ्यात आतून काकू आल्या. काकूंचं माहेर बेलापूरकडचं, त्यांच्या भावांची निम्मी जमीन पांढरी पडलेली. हात पदराला पुसत त्यांनी प्रश्न समजून घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“अगं, डाळ लाव म्हनावं की. त्यात काय एवढं?”

मला ती लाल रेघ दिसली. पण काकू माझ्यावरची नजर काढेनात. त्यांनी हातानंच, बोल, असं केलं.

मी डोळे मिटून बोलले. आमच्याकडच्या बायका बिघडलेली विहीर डाळीवरून ओळखतात, असं सांगितलं. त्यांचं उत्तर माझ्या मीटरच्या उत्तराशी जुळलं होतं हे सांगितलं, आणि माझ्या प्रबंधातून ते कापलं गेलं हेही सांगून टाकलं. माझा आवाज परत येत राहिला, आणि या वेळी मी त्याच्यावरून पुढे बोलत गेले.

मग त्या बाई म्हणाल्या, की आमच्याकडे डाळ खात नाहीत.

अण्णांनी जड मनानं भाषांतर केलं. दुकान हबकलं. डाळ खात नाहीत, मग जगतात कशावर? गोणीवरच्यानं तर पोरीला तिकडं पाठवूच नका, असा सल्लाही दिला. काकू मात्र हलल्या नाहीत. माझ्यापुढेच उभ्या होत्या.

पुढे कितीतरी महिन्यांनी, त्या बाईंच्याच स्वयंपाकघरात बसून, मी त्यांना विचारलं, की माझ्या शेवटच्या वाक्यावर तुम्ही फोनवर का हसला होतात. त्या म्हणाल्या, मला माझी आई आठवली.

ते वाक्य मी इंग्रजीत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं होतं:

“मग मी घरोघर जाऊन विचारीन, तुमच्याकडे हल्ली काय शिजत नाही?”