पिवळी गोळी कोणाच्या पोटात गेली?

दवाखान्यात किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या बाटल्यांसारखे ते आपोआप साचतात. त्यातले निम्मे ऐकताना लोक हसतात, मला मात्र सांगताना अजूनही संताप येतो!

परवा नातवाचा रक्ताचा रिपोर्ट आला. ‘होमोसिस्टीन’ वाढलेलं निघालं. अजून लग्न व्हायचंय पोराचं! त्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की फोलिक ॲसिड, बी-बारा, बी-सहा ही जीवनसत्त्वं कमी पडली की हे रक्तात साचतं आणि पुढे त्रास देऊ शकतं. म्हणून पालेभाज्या, डाळी, दूध, अंडी खायची आणि दिलेल्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. नातू म्हणाला, “आजी, एकदम लेटेस्ट आहे हे!”

लेटेस्ट म्हणे! अरे, नाव नवं असेल. पण हीच भाजी आणि हीच गोळी लोकांच्या पोटात घालता घालता माझी उमेद संपली. माझ्या तरुणपणची गोष्ट. मी मूळची अकोल्याची, नुकतीच डॉक्टर होऊन अमरावतीला आले होते. एका खाजगी प्रसूतिगृहात नोकरी. मालक होते ते ‘मोठे डॉक्टर’. मी ‘डाक्टरीनबाई’.

*

बी-बाराचं इंजेक्शन लालभडक असतं. बस, एवढं पुरेसं होतं! लाल आहे म्हणजे रक्तच भरतात, अशी गावोगावी ख्याती. अंजनगावहून एक कास्तकार शेतकरी आला. मानेवर गळू झालेलं. मी गळू फोडलं, पट्टी बांधली, घरी जा म्हटलं.

“अन् लाल सुई?”

“तुम्हाला गरज नाही तिची.”

“काहून? मी मोटारीचं तिकीट काढून आलो बाई. निस्ती पट्टी बांधून घरी जाऊ?”

समजावून माझा घसा बसला. तेवढ्यात मोठे डॉक्टर आतून आले, त्याच्या दंडात लाल सुई टोचली आणि हात धुवून निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्याच गावचे आणखी लोक आले. एकाला नायटा होता, एकाला खोकला आणि एकाला काहीच नव्हतं. तो सोबत आला होता. तोही बाही वर करून बसला!

*

ज्यांना खरोखर बी-बारा हवं, ते नेमके नाही म्हणणारे. आमच्या गल्लीतच एक वकील राहत. कडक सोवळ्याचं घर. दूध बाधतं म्हणून वर्षानुवर्षं सोडलेलं, अंड्याचं तर नावही काढायचं नाही. तळपायाची आग व्हायची, बोटं बधिर, चालताना तोल जायचा. मोठ्या डॉक्टरांनी लिव्हर एक्स्ट्रॅक्टचं, म्हणजे जनावराच्या यकृतातून काढलेल्या बी-बाराच्या अर्काचं, इंजेक्शन सांगितलं.

वकीलसाहेबांनी बाटली हातात घेतली. “हे कशापासून करतात?”

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मोठ्या डॉक्टरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. वकिलांनी दोघांकडे पाहिलं आणि हात वर केला.

“थांबा. सांगू नका. ऐकलं तर प्रायश्चित्त घ्यावं लागेल. तोंडावाटे जात नाही ना?”

“नाही.”

“मग टोचा. दंड काही जेवायला बसत नाही!”

*

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण सुमित्रा आली आणि माझं हसू आटलं.

तिवशाकडच्या एका खेड्यातली सून. घरची शेती, खाऊन-पिऊन सुखी घर. पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलेलं. आता पुन्हा दिवस राहिलेले. पापणी खाली ओढून पाहिली तर आत रक्ताचा टिपूस नाही, पांढरीफटक! दोन पायऱ्या चढून आली तर धाप लागलेली. मी तिच्या सासूला, कौसाबाईंना, बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, “हिच्या अंगात रक्त नाही. असंच राहिलं तर बाळंतपणात मूल जाईल, आणि ही पण जाईल.”

कौसाबाई धिप्पाड बाई. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “नका बाई असं बोलू. सांगान ते करतो.”

फोलिक ॲसिडच्या पिवळ्या गोळ्या दिल्या, लोहाच्याही दिल्या. महिनाभर पुरतील एवढ्या. आठवडा झाला नाही तोच कौसाबाई हजर. “गोळ्या सरल्या.”

“सरल्या? तिनं एकदम खाल्ल्या की काय?”

“नाई व माय. घरात पाच सुना हायत. सगळ्याइले सारख्या वाटून देल्ल्या. आमच्या घरी दुजाभाव नाई चालत.”

“अहो, आजारी एकटी सुमित्रा आहे!”

“हाव. पण एकलीलेच देल्ल्या असत्या त बाकीच्या काय म्हनल्या असत्या?”

मी नव्या गोळ्या दिल्या आणि म्हटलं, या फक्त तिच्याच. कौसाबाईंनी मान डोलावली. जाताना दारातून वळून विचारलं, “अर्धी अर्धी केली त चालते का?”

*

गोळीचं असं, तर म्हटलं भाजी धरू. भाजीत तरी काय भांडण! आमच्या वऱ्हाडात आंबाडीची भाजी घरोघरी. पण ती आंबट, म्हणून उकडतात, घट्ट पिळतात आणि पाणी ओतून देतात. भाजीतलं निम्मं सत्त्व त्या पाण्यातच जातं. मी कौसाबाईंना बसवून सगळं सांगितलं. “भाजीचं पाणी फेकायचं नाही. ताकत पाण्यात आहे. कळलं?”

“कळलं.”

पुढच्या खेपेला कौसाबाई भलत्याच खुशीत होत्या. “बाई, तुमचं खरं निंघालं! पानी फेकनं बंद केलं. म्हशीले पाजून राह्यली. दोन्ही टायमाले धार वाढली!”

“म्हशीला?”

“मंग? ताकत हाय म्हनल्या ना तुमी!”

“आणि ते वाढलेलं दूध कोण पितं? सुमित्रा?”

कौसाबाई माझ्याकडे, ही बाई शिकली कशी, अशा नजरेनं पाहत राहिल्या. “गर्भारशीनं दूध पेल्लं त लेकरू मोठं होते. मंग अडते.”

सुमित्रा बाकावर बसून पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. तिला विचारलं, “तू काय खातेस गं?”

“उरलं-सुरलं,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. विचारलं म्हणून सांगितलं. मला सासूचा राग आला, तिच्या नवऱ्याचा आला, आणि खरं सांगायचं तर त्या गरीब पोरीचाही आला.

*

शेवटी आठव्या महिन्यात मी हट्टच धरला आणि तिला दवाखान्यात दाखल करून घेतलं. म्हटलं, इथे माझ्या डोळ्यांसमोर जेवेल. कौसाबाई शेगडी घेऊन व्हरांड्यात मुक्कामाला आल्या. भाकर, पालकाची पातळ डाळ, अंडं, सगळं मी सांगितल्याबरहुकूम रांधलं. बाई हाताची सुगरण, त्यात वाद नाही.

दुपारी राउंडला गेले तर ताट झाकलेलं. सुमित्रा उपाशी.

“काय झालं?”

“आत्याबाई जेवल्या नाई अजून,” सुमित्रा हळूच म्हणाली.

कौसाबाईंना विचारलं, “तुम्ही का जेवल्या नाहीत?”

“तुमी उपाशी असतानी मी कशी जेवू? तुमी डाक्टरीन. मोठ्या मानाच्या. तुमचं झालं का मंग माह्यं, माह्यं झालं का मंग तिचं.”

मी चिडले, ओरडले, मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, “सोपं आहे. तुम्ही जेवा!”

मग काय, रोज बाराच्या ठोक्याला व्हरांड्यात मांडी घालून मी कौसाबाईंची भाकर खायची. मी हात धुतला की त्या बसायच्या, निवांत. त्यांचं झालं की सुमित्रा. घरी माझा डबा तसाच परत जायचा, नवऱ्याला वाटे मी रुसलेय. महिन्याच्या शेवटी सुमित्राच्या पापणीत थोडी लाली दिसायला लागली. मी मोठ्या कौतुकानं कौसाबाईंना दाखवली. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तिचं मले नाई समजत बाई. पण तुमची तब्येत मस्त झाली!”

*

सुमित्रा बाळंत झाली. मुलगी, चांगली रडकी. पण वार पडल्यावर रक्तस्राव थांबेना. इंजेक्शनं दिली, पोट चोळलं, कसाबसा थांबला. तोवर सुमित्रा पुन्हा पांढरी पडली होती. रक्त भरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्या काळी रक्त म्हणजे घरच्या माणसांचं. तिच्या नवऱ्याला म्हटलं, चला. तो म्हणाला, “मले चक्कर येते.” दिराला अचानक बैलांची आठवण झाली.

कौसाबाईंनी दोघांकडे एकदा पाहिलं. मग पदर खोचला आणि टेबलावर येऊन आडव्या झाल्या. “माह्यं पाहा.” नशिबानं रक्त जुळलं.

सकाळी सुमित्राला शुद्ध होती, नाडी ठीक होती. रक्त दिलं म्हणून नर्सनं कौसाबाईंसाठी साखर घालून पेलाभर दूध आणलं. त्या पेला घेऊन उठल्या, भिंतीला धरत सुनेच्या खाटेपाशी गेल्या.

“पी.”

सुमित्रानं मान हलवली. “आत्याबाई, तुमी आधी.”

“म्या म्हनलं ना, पी!”

“तुमचं झाल्याबिगर कशी पिऊ?”

दूध निवायला लागलं. साय धरली. माझं डोकं फिरलं. “अहो, कोणीतरी प्या ते!” मी ओरडले.

कौसाबाईंनी पेला तोंडाला लावला, नुसते ओठ ओले केले, पदरानं पुसले आणि पेला सुनेच्या हातात दिला.

“झालं माह्यं जेवन,” त्या म्हणाल्या. “आता तू पी.”