वाळुंजांचा काठ

बिद्रीच्या पुढे वेदगंगेचा काठ दर पावसाळ्यात ढासळायचा. माती तळाच्या गोट्यांत बसायची आणि त्या गोट्यांत अंडी घालणारा महाशीर मासा दिसेनासा झाला होता. तो परतावा म्हणून गुरुसिद्ध मगदूम, गावाचे अण्णा, तीन वर्षे काठावर मुळांनी माती धरून ठेवणाऱ्या वाळुंज झाडाच्या फांद्या रोवत होते. यंदा मुळांच्या आडोशाला महाशीरची बोटभर पिल्ले दिसली, तेव्हा गावाने अण्णांचा काठावरच सत्कार ठरवला.

सत्काराच्या सकाळी अण्णा नेसरीहून, लेकीकडून परतले. सरपंच उदयसिंह फेटा घेऊन उभेच होते.

"अण्णा, नुसतं रान माजलं हुतं. जेसीबी लावून मांडवाला पार मैदान केलंय की!"

"आणि वाळुंजं?"

"दिली ढकलून नदीत. तुमच्यासाठीच की ओ सगळं!"

"मला एका शब्दानं इचारायचं न्हाय व्हय?"

"मग सरप्राइज कसलं?"

वैऱ्याने केले असते, तर अण्णांना भांडता तरी आले असते. पंधरा दिवसांवर पावसाळा होता आणि उघड्या मातीत एक मूळ उरले नव्हते. फेटा बाजूला सारून ते चिखलात उतरले आणि पाण्यात अडकलेल्या फांद्या, रोवता येतील तेवढ्या, ओढून काढू लागले. वर माइकवरून त्यांनाच मंचावर बोलावणे चालू होते.