काकीने भिजवलेलं जॅकेट

काकी जॅकेट कधी नुसतं हातात देत नसे. गिऱ्हाइकाला ते अंगात घालायला लावी, दुकानाबाहेर उभं करी आणि तांब्याभर पाणी थेट खांद्यावर ओती. पाणी थेंबाथेंबांनी घरंगळून गेलं, आतला शर्ट कोरडा निघाला, की मगच म्हणे, "जा आता."

नवीन पनवेलला आमच्या इमारतीच्या जिन्याखाली तिचा गाळा होता. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला आम्ही दर रविवारी कुठला ना कुठला गड चढायचो. दोन पावसाळ्यांत आमची जॅकेटं पाणी पिऊ लागली, की ती काकीकडे जात. "पावडरीनं धुतलंस ना? मंग पानी वढनारच," असं ती आधी झापायची. मग साध्या साबणाने हलक्या हाताने धुणं, चार पाण्यांतून काढणं, वरून पाणी झटकून टाकणारं औषध फवारणं आणि पातळ फडकं टाकून कोमट इस्त्री. शिवणींना आतून चिकटपट्टी लावताना मात्र ती कुणाशी बोलत नसे.

त्याचं कारण तिने मला एकदाच सांगितलं. तिचा नवरा जासईला कंटेनर यार्डात कामाला होता. ठेकेदाराने कामगारांना वाटलेल्या रेनकोटांच्या शिवणी पहिल्याच पावसात गळू लागल्या. नवरा चार दिवस ओल्या अंगाने उभा राहिला. ताप आला तरी सुट्टी मिळाली नाही. न्यूमोनियाने आठवड्यात गेला. ठेकेदार भेटायला आला, चहा प्यायला आणि उठताना म्हणाला, "रेनकोट तर दिले होते आम्ही."

"ता वाक्य माज्या कानातून गेला नाय," काकी म्हणाली.

पुढे तोच ठेकेदार बिल्डर झाला. एका मे महिन्यात तो हिमालयात जायचं म्हणून परदेशी जॅकेट धुऊन घ्यायला काकीच्या गाळ्यात आला. मी तिथेच बसलो होतो. त्याने तिला ओळखलं नाही. "मावशी, जपून हां. भारी वस्तू आहे," म्हणाला. काकीने मान डोलावली.

तो गेल्यावर तिने बादलीत मूठभर धुण्याची पावडर टाकली. कपडे मऊ करायचं औषध अर्धी बाटली ओतलं. मग जॅकेटच्या आतल्या, शिवणींवरच्या पट्ट्या नखांनी सोलून काढल्या. तो माणूस कोण, हे मला तेव्हा तिच्या तोंडून कळलं.

"काकी, हे घालून तो बर्फात जाणार. तिकडे वर मरेल तो!"

"माजा हितं खाली मेला," ती म्हणाली.

मी त्याला सावध केलं नाही. आजही त्याची लाज वाटत नाही.

चार दिवसांनी तो जॅकेट न्यायला आला. संध्याकाळची वेळ, रस्त्यावर माणसं होती. काकीने त्याला जॅकेट घालायला लावलं आणि बाहेर उभं केलं. त्या दिवशी तांब्या नव्हता. तिने अख्खी बादली उचलली. पाणी आत शिरलं, सदरा अंगाला चिकटला, विजारीतून निथळू लागलं. तो ओरडला, "अगं ए, हे काय केलंस?"

"शेट, जाकीट तर दिलं ना आमी," काकी शांतपणे म्हणाली. मग तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. यार्डाचंही सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो ओल्या कपड्यांनीच गाडीत बसला.

महिनाभरात गाळ्याच्या मालकाने तिला जागा सोडायला लावली. कुणाच्या सांगण्यावरून, ते सगळ्यांना माहीत होतं. ती ओवे गावाला, माहेरी निघाली. सामान टेम्पोत चढवताना मी विचारलं, "काकी, मन भरलं का?"

"नाय. आनखी एक बादली पायजे व्हती."

तीन वर्षांनी ती वारली. त्याच वर्षी आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमाला तो बिल्डर पाहुणा म्हणून आला. सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत पोचला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्याच्याकडे बघत उभा राहिलो. तो हात पुढे धरून बराच वेळ थांबला होता.