नाखव्याची अमेरिकन गाडी

बॉनेटवर उजवा तळवा टेकवायचा, मान तिरकी करायची आणि विचारायचं, “काय होतंय तुला?” तापलेल्या नातवाला विचारावं तसं. उलव्याच्या बाजूला खाडीकाठी राहणाऱ्या या नाखव्याची ही सवय होडीच्या इंजिनापासूनची. होडी विकली गेली, सवय गाडीकडे आली.

नवी मुंबईच्या विमानतळाला जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याच्या पैशांतून त्या भागात दारोदार गाड्या आल्या. तुम्हीही पाहिल्या असतील. नाखव्यानं घेतलेली गाडी मुंबईच्या कोणा हौशी माणसानं अमेरिकेतून आणवलेली होती. जुनी, होडीसारखी रुंद. तिच्या कंपनीचं इथे दुकान नव्हतं. मी बातमीसाठी गावात गेलो, तेव्हा त्यानं मला आधी गाडी दाखवली, मग घर पाडण्याची नोटीस.

पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवतात. खारी हवा लागू नये म्हणून इंजिनाला ग्रीस चोपडतात. नाखव्यानं गाडीचंही तेच केलं. वायरींचे जोड उघडून एकूण एक ग्रीसनं भरले, वर ताडपत्री बांधली. नारळी पौर्णिमेला नारळ फोडून चावी फिरवली. समोर इंजिनाची पिवळी बत्ती लागली. गाडी चालू झाली नाही.

पनवेलहून मेस्त्री आला. तपासणीचं मशीन त्यानं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “चाचा, ये तो बोलती ही नहीं.”

“माझ्याशी बोलते,” नाखवा म्हणाला.

“तो पूछो ना, क्या हुआ.”

नाखव्यानं तळवा टेकवला. मान तिरकी केली. “आज नाय बोलत.”

शेवटी अशा गाड्यांचं मशीन घेऊन मुंबईहून एकजण आला. ग्रीसनं जोड निकामी झाले होते. सगळं वायरिंग बदलायचं, ते अमेरिकेतून यायचं, त्याला काही महिने लागायचे. घरं पाडण्याचा दिवस त्याआधीचा होता. आणि घरातले देव नव्या जागी याच गाडीतून जातील, असं नाखव्यानं गावभर सांगून ठेवलं होतं.

“देव टेंपोत बसतील,” बायको म्हणाली. “त्यांना कशाला पायजे गारी? तुमालाच पायजे.”

“निगायचं तं आपल्या चाकांवर.”

मेस्त्रीनं गाडी उचलून नेणारा ट्रक सुचवला. तेव्हा नाखवा पहिल्यांदा चिडला. “उचलून नाय. उचलून मेलेल्याला नेतात.”

घरं पाडण्याच्या दिवशी गावातल्या माणसांनी गाडीला दोर बांधले, होडीला बांधतात तसे. मागच्या सीटवर बायको, तिच्या मांडीवर देव. स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून चावी फिरवलेली होती, त्यामुळे पिवळी बत्ती वाटभर जळत राहिली. बंद गाडीचं स्टिअरिंग जड असतं. नाखवा ते दोन्ही हातांनी वळवत होता. ओढणाऱ्यांचा पुकारा होडीचाच होता. मागे पहिली भिंत पडल्याचा आवाज आला. नाखव्यानं आरशात पाहिलं नाही.

नव्या प्लॉटवर त्यानं गाडीचं तोंड खाडीच्या दिशेला करून घेतलं. तिथून खाडी दिसत नाही. दिवसभर तो गाडीत बसून असे.

वायरिंग आलं तेव्हा नाखवा नव्हता. मेस्त्रीनं त्याला शब्द दिला होता, म्हणून येऊन बसवलं. मी तिथे होतो. पिवळी बत्ती विझली, इंजिन चालू झालं. मेस्त्रीनं नकळत बॉनेटवर तळवा टेकवला.

नाखव्याची बायको दारातून बघत होती.

“बंद कर बाबा,” ती म्हणाली. “तिला इचारनारा गेला.”