वस्त्रगाळ औषध

“नाटकं पुरे झाली आता! रोज सकाळी माझ्या हाताने औषध देते, तरी यांच्या छातीत आपली आगच!”

“आग होते म्हणून आग म्हणतो. तुझ्या समाधानासाठी गारवा म्हणू का?”

बाइंडरकाका आणि काकूंचं हे भांडण वर्षभर असंच चाललं होतं.

काका पुस्तकबांधणी करायचे. गल्लीच्या तोंडाशी एका खोलीचं दुकान, आत दाबाचं यंत्र आणि खळीचा डबा. दिवसभर जमिनीवर ओणवं बसून पानं शिवायची, दोन घास खाल्ले की पुन्हा ओणवं. आम्ल घशाशी यायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली. सकाळी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. पण काकांच्या घशाखाली गोळी म्हणून उतरायची नाही. “अख्खा शब्दकोश शिवतात आणि एवढीशी गोळी अडते,” सून हसायची.

काकूंनी तोड काढली. कॅप्सूल उघडून आतले बारीक पांढरे दाणे खलात घालायचे, वस्त्रगाळ होईपर्यंत घोटायचे आणि पाण्यातून द्यायचे. कसूर काकूंच्या स्वभावातच नव्हती. डॉक्टरांनी काकांना विचारलं तरी उत्तर त्याच द्यायच्या, “एक दिवस चुकलेला नाही.”

औषध चुकत नव्हतं, म्हणजे चूक काकांचीच. “मनाचंच जास्त आहे यांच्या,” काकू शेजारणीला सांगायच्या. मुलगा तर एकदा म्हणाला, “बाबा, कामाचा कंटाळा आलाय तर सरळ सांगा ना.” ते काकांना फार लागलं. त्यांनी यंत्र भंगारात दिलं आणि दुकानाची किल्ली मालकाच्या हातावर ठेवली. काकूंनी अडवलं नाही.

पुढे घास गिळतानाही दुखायला लागलं, तेव्हा मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीने तपासलं. अन्ननलिकेत जखमा होत्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “गोळी देता कशी?” काकूंनी खलासकट सगळं कौतुकाने सांगितलं.

“काकू, दाणे कुटायचे नसतात. वरच्या आवरणामुळेच ते पोटातल्या आम्लातून वाचतात. पूड केली की औषध वाया जातं. सफरचंदाच्या गरावर अख्खे घालून द्या. चावायचे नाहीत.”

घरी येताना काकांनी वाटेत स्वतःच सफरचंदं घेतली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर काकूंना बरं वाटलं असतं.

काही आठवड्यांत आग शमली. काका दिवसभर खिडकीशी बसून वर्तमानपत्राची घडी नखाने दाबत राहायचे. काकू भंगारवाल्याकडे जाऊन आल्या. यंत्र केव्हाच वितळलं होतं.

रविवारी त्यांनी सुया, दोरा आणि पुठ्ठे आणून जेवणाच्या टेबलावर मांडले.

“आई, हे काय? आणि ते यंत्र नसताना बाबा करणार काय?” मुलाने विचारलं.

“मोठी कामं होणार नाहीत, ठाऊक आहे मला. फाटक्या वह्या तरी शिवतील. आणि खुर्चीवर ताठ बसून शिवतील.” काकूंनी टेबलावरची मिठाची बरणी उचलून सुनेच्या हातात दिली. “आजपासून हे टेबल यांचं. आपण सगळ्यांनी स्वयंपाकघरात खाली बसून जेवायचं.”