सगळं नॉर्मल आहे म्हणाले

गेल्या मंगळवारी सकाळी केलगेरीत आमच्या घरी लेकीला कळा सुरू झाल्या... पहिलटकरीण. रिक्षा करून दवाखान्यात नेलं आणि तेव्हापासून एकच शब्द कानावर पडत होता. नॉर्मल.

मी चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी येत नाही, पण हा शब्द येतो, कारण जो तो तोच बोलतो. हॉटेलात पाणी मागितलं की विचारतात, नॉर्मल की थंड. टेलर म्हणतो, अक्का, नॉर्मल फिटिंग करतो, आणि मग ब्लाउजमध्ये हात जात नाही. मी जरा मोठ्यानं बोलले की लेक म्हणते, आई, नॉर्मल बोल. म्हणजे हळू बोल.

एक शब्द किती कामं करतो... नव्या सुनेसारखं जुंपलंय त्याला.

पण बाळंतपणातलं नॉर्मल सगळ्यात मोठं. गल्लीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, नॉर्मल होईल ना? आमच्या विहीणबाई हुबळीला असतात, त्यांचा तर दर फोनला तोच प्रश्न. मी पण ठसक्यात सांगायची, होणार म्हणजे होणार, पोरगी चालतेय फिरतेय, माझ्याबरोबर भाकऱ्या थापतेय.

दवाखान्यातसुद्धा दुपारपर्यंत नर्स हेच सांगत होती. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल. मग डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, बाळाचे ठोके नॉर्मल नाहीत, मधेच कमी होतायत... ऑपरेशन करावं लागेल. एवढं बोलून त्या लगेच आत गेल्या.

मी बाकड्यावर बसले ते बसलेच.

आता आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बरं-वाईट सगळं आईच्या डोक्यावर. पण लेक तर दिलेली, दुसऱ्याच्या घरची. तिच्या पोटाला सुरी लावायची तर हो म्हणायचं कोणी? माझे मालक हयात नाहीत. जावई बेलूरला कारखान्यात, फोन गेटवर जमा करून आत गेलेला. राहिले कोण, तर मी आणि विहीणबाई. त्या सकाळीच हुबळीहून आल्या होत्या, माझ्या शेजारीच बसलेल्या.

मी म्हणाले, "तुम्ही सांगा. सून तुमची आहे."

"मी कशी सांगू? बाळंतपण तुमच्याकडचं. तुम्ही म्हणाल तसं."

"उद्या तुमची माणसं म्हणतील, आईनं घाई केली."

"आणि तुमची म्हणतील, सासूनं पोट फाडायला लावलं."

असं आमचं चाललेलं. हळदीकुंकवाला बायका आधी तुम्ही, आधी तुम्ही करतात ना, अगदी तसं. आत बाळाचे ठोके कमी होतायत आणि बाहेर आम्ही एकमेकींना मान देतोय. मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, बस उशिरा आली तर कंडक्टरला सोडत नाही... पण त्या वेळी तोंडातून हो निघेना. काही झालं तर जन्मभर मला नावं ठेवतील, ही एकच भीती.

शेवटी सहन होईना. उठले आणि आतलं दार ढकललं. म्हटलं, करा ऑपरेशन, काय होईल ते माझ्या माथी.

नर्सनं मला दारातच अडवलं. कन्नडमध्ये म्हणाली, अम्मा, सुम्न कुंड्री... गप्प बसा जरा. तिला केव्हाच आत घेतलंय. तिनंच हो म्हटलं, सही पण तिनंच केली. डॉक्टर तुम्हाला नुसतं सांगायला आल्या होत्या.

लेकीला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विहीणबाईंच्याही नाही. जिचं पोट, जिचा जीव, ती तेवीस वर्षांची बाई कळा सोसत हो म्हणून मोकळी झाली... आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या बाहेर वाटाघाटी करत बसलेल्या.

त्यानंतर नुसतं बसायचं. विहीणबाईंनी माझा हात धरला. त्यांचा तळवा गार पडलेला.

माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझं पहिलं असंच गेलं हो. शेवटपर्यंत सगळं नॉर्मल आहे म्हणत होते."

दर फोनला ही बाई विचारत होती ते ह्यासाठी... आणि मला वाटायचं, उगाच नाक खुपसते. मी हात सोडला नाही. खरं सांगते, त्यांनी सांगितल्यावर माझी भीती दुप्पट झाली. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना.

मग आतून रडण्याचा आवाज आला. अगदी बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. खरंच आपलंच रडतंय का, पुन्हा येतोय का आवाज, तेवढंच ऐकत राहिलो...

पुन्हा आला.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी बऱ्या आहेत, आता घरी आणलंय. बाळ रडतं खूप, पण मला त्या रडण्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

विहीणबाईंचा फोन रोज येतो. घुटी सुरू करायची का, अंगाला तेल कुठलं लावायचं, बारसं कधी ठेवायचं... तुम्ही सांगाल तसं, म्हणतात. मी म्हणते, मला काय विचारता, आणि फोन लेकीच्या कानाला लावते. त्या दिवशी पोरीनं आमची वाट बघितली नाही, हे तिचे उपकारच म्हणायचे.