आठ कॉम्प्युटर, एक लाइन आणि पाचची मुदत

मंडळी, आजचं आजच लिहितेय.

देवासमधला माझा सायबर कॅफे तुम्हाला माहीतच आहे. आज इंजिनिअरिंगचं कॉलेज ऑनलाइन निवडायचा शेवटचा दिवस होता, मुदत पाचपर्यंत. सव्वाचारला आठही कॉम्प्युटर अडकले. पान उघडेना, म्हणून मुलं पुन्हा पुन्हा रिफ्रेश दाबत होती आणि त्यानंच इंटरनेटची एकुलती लाइन आणखी तुंबत होती.

मी ओरडले, "सगळे थांबा, एकेकानं भरा!"

"पहले वो रुके, दीदी!" प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडे.

तेवढ्यात सोनकच्छहून वडिलांबरोबर आलेली वैष्णवी उठली. वडील घाबरले, "अगं, आपला फॉर्म राहील!"

"बाबा, असं तर सगळ्यांचाच राहील." तिनं आपल्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढली आणि नंबर शेवटचा घेतला.

मग बाकीचेही थांबले. पहिला फॉर्म चार मिनिटांत गेला.

तिची पाळी आली तेव्हा पाचला सहा मिनिटं होती. तिनं सबमिट दाबलं. पान पांढरं झालं. चार अठ्ठावन्नला पावती उमटली, आणि तिचे वडील भिंतीकडे तोंड करून रडले.

कॅफे माझा, पण कोणाचीही वायर काढायची हिंमत मला झाली नव्हती. खरं सांगा, तुम्ही पहिले उठला असतात?